ममतेची वस्तू विकताना

मनुष्याच्या आयुष्यात घेण्याचे प्रसंग पुष्कळ, देण्याचे थोडे आणि सोडण्याचे त्याहूनही थोडे येतात. घ्यावे कसे हे बाजार शिकवितो. द्यावे कसे हे धर्मशास्त्र शिकविते. दानाला योग्य देश कोणता, काल कोणता, पात्र कोण, याचा खल आपल्या पूर्वजांनी इतका केलेला आहे की त्यात भर घालण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु जी वस्तू आपण दानही करीत नाही आणि जवळ ठेवूही शकत नाही, जिच्यावर आपला जीव जडलेला आहे आणि तरीही जिचे पैसे मोजून घेण्याची वेळ आलेली आहे, ती दुसऱ्याच्या स्वाधीन करताना मनुष्याने कसे वागावे? त्या क्षणी आपण कोणाचे देणे लागतो? वस्तूचे, गिऱ्हाइकाचे, की आपल्या स्वतःच्या मनाचे?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हे. आमच्या वाचकांपैकी कोणी वाडवडिलांचे कुळागर विकले असेल, कोणी आजोबांची हार्मोनियम, कोणी दारची म्हैस. ज्याने विकले नसेल त्याच्यावर पुढे केव्हातरी ती वेळ येईल. आमच्या घरी हा प्रश्न गेल्या वर्षी एका जुन्या मोटर-लाँचच्या रूपाने आला. त्यात आमच्या हातून एक अन्याय घडणार होता, तो होता होता टळला. तो कसा टळला, आणि टळल्यावरही काय शिल्लक राहिले, हे आडपडदा न ठेवता सांगितल्यास कोणाच्या तरी उपयोगी पडेल, एवढ्याच भावनेने हा लेख लिहीत आहोत.

ही लाँच आमच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, १९६३ साली बांधून घेतली. गोवा मुक्त होऊन दोन वर्षे होत आली होती. मोटर-लाँचला त्या काळची माणसे ‘गाझोलीन’ म्हणत. आजी तर शेवटपर्यंत तसेच म्हणे. ३५ फूट लांबीची, सागवानी फळ्यांची, पुढे सुकाणूवाल्याची छपरी, मध्ये दोन्ही बाजूंस बाके आणि मागे इंजिनाची खोली, अशी तिची ठेवण होती. आजोबांनी तिला आजीचेच नाव दिले होते, ‘नर्मदा’. नारळाच्या राशी, तांदळाची पोती, बाजाराला जाणाऱ्या बायका, लग्नाची वऱ्हाडे, असे सगळे तिने मांडवीच्या पाण्यावरून वाहून नेले. १९८६ च्या ५ जुलैस पणजीजवळचा मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा नदी ओलांडणाऱ्या लोकांचा लोंढा पुन्हा पाण्याकडे वळला. ऐन पावसाळा, नदी गढूळ आणि फुगलेली. अशा दिवसांत आजोबांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसे पार केली. नवा पूल १९९२ मध्ये झाला. पुढे आजोबा थकले, मग गेले, आणि लाँच काठावर माडाच्या झावळ्यांच्या मांडवाखाली चढविली गेली ती तशीच राहिली.

लाकडी नावेचा एक धर्म आहे, तो येथे सांगणे अवश्य आहे. तिच्या फळ्या पाण्यात फुगतात आणि फुगल्यामुळेच एकमेकींस घट्ट बिलगून पाणी बाहेर ठेवितात. ती कोरड्या जागी जपून ठेवली तर फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात, आणि जी नाव वापरात असती तर आणखी वीस वर्षे टिकली असती, ती जपल्यामुळेच मोडते. आमच्या नर्मदेचे तेच झाले. आम्ही बारावी होऊन मोकळे झालो तेव्हा मामांनी एके दिवशी आम्हांस मांडवाखाली नेले आणि फळ्यांच्या फटींतून पलीकडचे ऊन दाखविले. त्या दिवसापासून तीन वर्षे, मामा आणि आम्ही, एका म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली राबलो. कुजलेल्या फळ्या काढल्या. नावेच्या ज्या बरगड्यांना वांक म्हणतात, त्यांतील नऊ बदलल्या. फळ्या वाफेवर मऊ करून वळविल्या, तांब्याचे खिळे ठोकले, सांध्यासांध्यांत कापसाची दोरी घट्ट बसवून वर राळ आणि तेल यांचा लेप दिला. इंजीन खोलले तेव्हा त्याचे दोनशे-अडीचशे तुकडे अंगणात चटईवर मांडलेले पाहून आईने कपाळाला हात लावला होता. शेवटी नर्मदा पुन्हा पाण्यात उतरली, त्या सकाळी आमच्या वडिलांनी तिच्या नाळेवर गंध-अक्षता वाहून नारळ फोडला. पहिली रात्रभर मामा आणि आम्ही पाणी उपसत बसलो. पहाटे फळ्या फुगल्या, सांधे मिटले, आणि पाणी येण्याचे आपोआप थांबले. तो क्षण आम्ही जन्मात विसरणार नाही.

कोणी विचारील, निम्म्या फळ्या बदलल्यावर ती आजोबांची लाँच राहिली का? मंदिराच्या परिसरात वाढलेल्यांस हा प्रश्न फार अडविणारा नाही. पुरीच्या श्रीजगन्नाथांचे नवकलेवर १९९६ साली झाले आणि पुन्हा २०१५ साली झाले. कडुनिंबाच्या नव्या लाकडाच्या मूर्ती घडतात, जुन्या मूर्तींना समाधी दिली जाते, आणि भक्त त्याच जगन्नाथापुढे हात जोडतात. नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे मंदिर शिवछत्रपतींनी १६६८ साली नव्याने उभारविले आणि अलीकडे पुन्हा जीर्णोद्धार होऊन २०२३ मध्ये ते भाविकांना खुले झाले, देव तोच. तो देवही मुळात दिवाडी बेटावरचा, संकटकाळी नदी ओलांडून पलीकडे आलेला. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास सोळाव्या शतकात गेली, तीही जुवारीचे पाणी ओलांडूनच. आपल्या लोकांना नाव ही परकी वस्तू नाही. ज्या वस्तूचे ओझे पिढ्यांनी वाहिले आणि जिने पिढ्यांचे ओझे वाहिले, तिचे अस्तित्व फळ्यांत नसते, चालत आलेल्या संबंधात असते. हे आम्ही मानतो. पण ह्याच मान्यतेतून आमची अडचण उत्पन्न झाली. जे फळ्यांत नाही ते विकावयाचे कसे, आणि त्याचे मोल मागावयाचे कसे?

विकण्याचे कारण साधे होते. मामांचे गुडघे गेले. आम्ही नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर. वडील देवळातील पूजाअर्चा सोडून नदीवर जाणार नाहीत. लाँच धक्क्यास बांधून पडू लागली, आणि न वापरलेली नाव कशी मरते हे आम्ही एकदा पाहिलेले होते. शिवाय मामांच्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे भरावयाचे होते, आणि लाँचीत निम्मा वाटा मामांचा, निम्मा आईचा होता. तेव्हा विकणे ठरले.

गिऱ्हाइके दोन आली. पहिले एका हॉटेलाचे मालक. त्यांना लाँच पाण्यात नको होती, हिरवळीवर हवी होती. मधोमध कापून तिच्यात खाण्यापिण्याचे दुकान थाटावे असा त्यांचा विचार. त्यांनी ४ लाख रुपये देऊ केले. दुसरा बेटावरचा एक तरुण तांडेल, आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याला ती चालवावयाची होती. माणसे नेणे-आणणे, पाहुण्यांना नदी दाखविणे, सणासुदीला भाड्याने देणे. त्याची ऐपत ३ लाखांची होती. पैशांची सर्वांत अधिक निकड मामांना, पण हॉटेलवाल्यांना नकार दिला तो मामांनीच. ‘तिला करवत लागलेली मला बघवणार नाही,’ एवढेच ते बोलले. त्या नकाराने मामांच्या वाट्याचे ५० हजार गेले, हे आम्ही येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. कारण पुढे जे घडले त्यात मामा लोभी होते असा कोणाचा समज होऊ नये.

आता आमच्या दोषाकडे येतो. विक्रीच्या एक महिना आधी लाँच काठावर चढविली होती. खाऱ्या पाण्यात एक कीड असते. ती लाकडात शिरते तेव्हा तिचे भोक टाचणीच्या टोकाएवढे असते, आणि आत मात्र ती हवे तसे बोगदे करीत जाते. वरून फळी धडधाकट दिसते. हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय कळत नाही. चांगली फळी खणखणीत बोलते, पोखरलेली बद्द बोलते. इंजिनाच्या खाली, डाव्या बाजूच्या तीन फळ्या बद्द बोलल्या. त्यांच्यामागचा एक वांकही मऊ लागला. बदलावयाचे म्हटले तर सागवान, सुतार आणि दोन महिने हवे होते. मामांनी भोके लुकणाने बुजविली, आणि आम्ही वरून निळा रंग दिला. कुंचला आमच्या हातात होता. त्या वेळी आम्ही मनाशी म्हणालो की हा रंग लाँच विकण्यापूर्वी सारेच देतात. ते खरेही होते. मात्र त्या तीन फळ्यांवर आम्ही दोन हात अधिक दिले, हेही खरे.

मौनाच्या बाजूने जी कारणे आहेत ती काही हलकी नाहीत. आम्ही ती सर्व स्वतःशी उगाळली आहेत. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचा सामान्य रोख असा की घेणाऱ्याने आपला माल आपण पारखून घ्यावा. त्याला अपवाद आहेत, पण मूळ धोरण ते. माणसे नेणाऱ्या नौकांची सरकारी तपासणी होते. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा आलेला आहे. मग दोष शोधणे हे तपासनिसाचे काम, आमचे का? शिवाय तो तांडेल काही शाळकरी पोर नव्हता. जन्म त्याचा पाण्यावर गेलेला. आणि मामांच्या मुलीच्या शिक्षणाच्या शुल्काची तारीख ठरलेली होती. ‘आपण खोटे बोलत नाही, नुसते बोलत नाही,’ असे मामा म्हणाले, आणि आम्हांस ते पटले.

व्यवहाराच्या आदल्या रात्री आरती आटोपून वडील सोप्यावर बसले होते. त्यांनी विचारले, ‘उद्या तो मुलगा लाँच बघायला येणार. तू त्याला काय दाखवणार?’

आम्ही म्हणालो, ‘तो जे पाहील ते.’

‘आणि जे दिसत नाही ते?’

आम्ही गप्प राहिलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘नचिकेत्याची गोष्ट तुला मीच सांगितली होती ना?’ आणि उठून आत गेले.

कठोपनिषदातील ती कथा वाचकांस माहीत आहे. वाजश्रवसाने सर्वस्वाचे दान आरंभिले, पण दिल्या त्या गाई ज्यांचे खाणे, पिणे, दूध देणे सारे संपून गेलेले. यज्ञाचे विधी सर्व यथासांग, दक्षिणा मात्र पोकळ. ते पाहून कोवळ्या नचिकेत्याच्या मनात श्रद्धा शिरली आणि तो अस्वस्थ झाला. तेथे बाप चुकला आणि मुलाने टोकले. आमच्या घरी पात्रे उलटी झाली होती, एवढाच काय तो फरक. रात्रभर आम्ही मनाशी वाद घातला की ते दान होते, ही विक्री आहे. दानात एक देतो आणि एक घेतो, विक्रीत दोघेही आपापले हित पाहतात. पण पहाटेस आमच्या ध्यानात आले की हा युक्तिवाद उलट आमच्यावरच येतो. विक्रीत प्रत्येकाने आपले हित पाहावे हे कबूल. मग त्याला त्याचे हित पाहू तरी द्यावयास नको का? आम्ही तर नेमके तेच त्याच्या डोळ्यांआड करून वर रंग दिला होता.

आणि येथेच आम्हांस या सर्व प्रश्नाचे मर्म सापडले असे वाटते. लोक म्हणतात, प्रेमाने सांभाळलेल्या वस्तूचे चार पैसे अधिक यावेत. आम्हीही तसे समजत होतो. त्या तांडेलाला आम्ही १९८६ चा पावसाळा रंगवून सांगितला होता, आणि सांगताना आपले लक्ष किमतीकडे आहे हे आम्हांस ठाऊक होते. विचार केल्यावर वाटले, आपल्या आठवणींचे मोल परक्याकडून मागणे म्हणजे आपल्या घरच्या श्राद्धाची दक्षिणा शेजाऱ्याकडून वसूल करणे आहे. प्रेमामुळे विकणाऱ्याचा हक्क वाढत नाही. वाढते ते त्याचे देणे. कारण प्रेम म्हणजे दुसरे काही असो वा नसो, ते ज्ञान आहे. जिने आपल्याला रात्रभर पाणी उपसावयास लावले, जिची फळी न् फळी आपण तासली, तिचे दुखणे कोठे आहे हे आपल्याइतके कोणास कळणार? दलाल म्हणू शकतो, मला ठाऊक नव्हते. तपासनीस म्हणू शकतो, मला दिसले नाही. ज्याने वस्तूवर माया केली, त्याला अज्ञानाची ही पळवाट नाही. वस्तूवरचे प्रेम खरे असेल तर त्या प्रेमाने मिळालेले ज्ञान वस्तूबरोबरच दिले पाहिजे. ते मागे ठेवून जी विकली, ती अर्धीच विकली, आणि किंमत मात्र पुरी घेतली.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार नावाच्या वाण्याची कथा आहे. जाजली नावाचा तपस्वी अरण्यात असा निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटी केली. त्याला आपल्या तपाचा अभिमान झाला, आणि धर्म शिकण्यासाठी त्याला काशीच्या बाजारात तराजू घेऊन बसलेल्या तुलाधाराकडे यावे लागले. आम्हा पुजाऱ्यांच्या घरच्यांनी ही कथा वारंवार आठवावी. देवाजवळ राहिल्याने मनुष्य आपोआप शुद्ध होतो असा आमचा एक गोड गैरसमज असतो. तो गैरसमज निळ्या रंगाच्या एका डब्याने दूर होऊ शकतो.

सर्व काही सांगावयाचे, तर मर्यादा कोणती? लाँच वळणावर जड चालते, इंजिनाचा धूर छपरीत येतो, अशा गोष्टी पाहणाऱ्यास एका फेरीत कळतात. त्यांची यादी वाचण्याचे कारण नाही. आमच्यापुरता आम्ही एक नियम केला आहे. जे कळले असता घेणारा वेगळा विचार करील, आणि जे आपल्यावाचून त्याला कळण्यास मार्ग नाही, ते सांगितलेच पाहिजे. ज्या दोषावर आपण स्वतः पांघरूण घातले, तो तर सर्वांच्या आधी.

दुसऱ्या दिवशी तांडेल आला. आम्ही त्याच्या हाती हातोडी दिली आणि इंजिनाखालच्या फळ्या ठोकून पाहावयास सांगितले. त्याने तीन वेळा ठोकले. मग तो गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. आमची अशी कल्पना होती की तो आमचे उपकार मानील. कथांमध्ये तसे घडते. तो उठून म्हणाला, ‘पहिल्यांदा आलो तेव्हा का नाही सांगितलेत?’ या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. उशिरा सांगितलेले सत्य हे सत्यच असते, पण त्याला उशिराचा डाग राहतो. तो काही न ठरविता निघून गेला. पंधरा दिवस त्याचा निरोप नाही. त्या पंधरा दिवसांत मामा आमच्याशी बोलले नाहीत.

तो परत आला तेव्हा बरोबर सुतार घेऊन आला. फळ्या, वांक आणि मजुरी यांचा हिशोब करून त्याने ६० हजार कमी केले. २ लाख ४० हजारांवर व्यवहार ठरला.

आता वाचकांनी एका गोष्टीचा विचार करावा. सत्य बोललो आम्ही. नुकसान झाले ते मात्र एकट्या आमचे नव्हे. मामांच्या वाट्याचे ३० हजार त्यांना न विचारता आम्ही आमच्या सत्यनिष्ठेच्या खात्यावर खर्च करून टाकले होते. दुसऱ्याच्या खिशातून पुण्य करणे फार सोपे असते, आणि जगात ते फार होते. आईने हे आमच्याही आधी ओळखले. ती म्हणाली, ‘भावाच्या पैशांनी आपण खरे बोललो, असे नको व्हायला.’ तेव्हा मामांना पहिल्या ठरावाप्रमाणे पुरे दीड लाख देण्यात आले आणि तूट आमच्या वाट्यातून गेली. मामांनी पैसे घेतले. लाँच नेण्याच्या दिवशी मात्र ते धक्क्यावर आले नाहीत. त्यांचा राग की त्यांचे दुःख, हे आम्ही विचारलेले नाही. प्रामाणिकपणाने सगळ्या गाठी सुटतात असे कोणी सांगत असेल, तर त्याने प्रामाणिकपणा करून पाहिलेला नाही असे समजावे.

ज्ञान वस्तूबरोबर द्यावे, असे वर लिहिले. त्याप्रमाणे आम्ही एक वही केली. कोणता सांधा कोणत्या महिन्यात पाझरतो, पावसात इंजीन चालू होण्यास कोणती खोड करते, ओहोटीला कोठल्या वाळूवर तळ घासतो, कोणत्या तेलाचा लेप किती दिवस टिकतो, असे चाळीस पानांत आठवेल तेवढे लिहून ती तांडेलाच्या हाती दिली. ती देताना, खरे सांगावयाचे तर, लाँच देताना वाटले त्याहून अधिक जड वाटले.

जाण्यापूर्वी वडिलांनी छपरीतली देवीची तसबीर उतरवून घेतली. आम्ही विचारले, ‘हे विसर्जनच ना?’ ते म्हणाले, ‘नव्हे. विसर्जनात आपण पुन्हा ये म्हणतो.’ आम्ही या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. दरवर्षी चतुर्थीचा गणपती आपण पाण्यात सोडतो, डोळे भरून येतात, पण पुढल्या वर्षी तो येणार ही खात्री त्या अश्रूंत असते. ते सोडणे खरे, पण उसन्याचे. होमात आहुतीमागून आहुती देताना जे ‘न मम’ म्हणावयाचे, ‘हे माझे नव्हे’ म्हणावयाचे, ते सोडणे वेगळे. त्यात परतीची तिथी नाही. आमच्या कानांवर ते शब्द लहानपणापासून पडत आले, मुखानेही आम्ही ते शेकडो वेळा उच्चारले. पण तूप तर यजमानाचे होते. आपले काही अग्नीत जाते तेव्हा ते दोन शब्द घशातून बाहेर येण्यास किती अडतात, हे आम्हांस त्या धक्क्यावर कळले. राज्य सोडून वनात गेलेल्या भरत राजाला हरणाचे पाडस सोडवले नाही आणि त्यापायी हरणाचा जन्म घ्यावा लागला, ही भागवतातील कथा आम्ही आजवर मौजेची समजत होतो.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात असे सांगितले आहे की, काही विकून वा विकत घेऊन ज्याला पश्चात्ताप झाला, त्याने दहा दिवसांच्या आत ते परत घ्यावे वा द्यावे. या पश्चात्तापाला शास्त्रात ‘अनुशय’ असे नाव असून क्रयविक्रयाचा अनुशय हा अठरा वादविषयांपैकी एक गणला आहे. मनुष्यस्वभावाची किती अचूक ओळख! नवव्या दिवशी आम्ही काहीतरी निमित्त काढून बेटावरच्या धक्क्यावर गेलो. लाँच काठावर चढविलेली होती. त्या तीन फळ्या काढून टाकलेल्या होत्या आणि त्या जागी पिवळे, ताजे लाकूड दिसत होते. बाकी अंगाला हिरवा रंग लागला होता. ‘नर्मदा’ हे नाव खरवडून तेथे तांडेलाच्या आजीचे नाव घातले होते, आणि छपरीत आमच्या देवीच्या खिळ्यावर त्याच्या घराण्याच्या श्रद्धेप्रमाणे क्रूस टांगला होता. क्षणभर आमच्या मनात जे आले ते येथे लिहिण्याजोगे नाही. मग विचार केला: आमच्या आजोबांनी आपल्या लाँचीला आजीचे नाव दिले होते, याने त्याच्या आजीचे दिले. याहून त्या वस्तूचा अधिक योग्य वारसदार आम्ही कोठून आणणार होतो? खिळा तोच, नदी तीच. रिकामा खिळा पाहून आम्हांस अधिक वाईट वाटले असते.

आम्ही तसेच परत आलो. दहावा दिवस उलटून गेला.

यंदा पाऊस सुरू झाल्यावर एका रात्री तांडेलाचा फोन आला. पुढच्या बाजूचा एक सांधा पाझरत होता, वहीतले अक्षर त्याला लागत नव्हते. आम्ही सांगितले, दोन रात्री पाण्यात राहू दे, फळी फुगेल, आपोआप मिटेल. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, मिटला. त्या निरोपाने आम्हांस झालेला आनंद एवढा मोठा होता की ‘न मम’ म्हणणे आम्हांस अजून साधलेले नाही, हे त्यावरून उघड दिसते. तरी त्या रात्री आम्ही सुखाने झोपलो. धो धो पावसात, नदीच्या मध्यावर, माणसांनी भरलेली ती लाँच चालली असेल, अशी कल्पना करूनही आमची झोप उडाली नाही. निळा रंग तसाच राहिला असता, तर प्रत्येक पावसाच्या रात्री आम्ही जागे राहिलो असतो; किंवा, याहून भयंकर म्हणजे, काही दिवसांनी आम्हांस झोप येऊ लागली असती.

असो. वाचकांपैकी ज्यांच्यावर आपली जिवलग वस्तू दुसऱ्यास देण्याची वेळ येईल, त्यांना आमची एवढीच विनंती: तिची किंमत ठरविताना आपल्या आठवणी बाजूला ठेवा, तिचे दोष सांगताना मात्र त्या सर्व जवळ घ्या. आपण जपलेली वस्तू आपल्यामागेही नीट चालावी, एवढी बुद्धी आणि ती हातची सोडण्याचे बळ श्रींनी आपणा सर्वांस द्यावे, अशी त्यांच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.